हातचा

इप्सविचला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मीठदाणी बाजूला सारून मी हिशेब मांडते:
सावंतवाडीहून आलेली एक पेटी, लाकडी फळांची.
आंबा, केळं, सीताफळ, काजूचं बोंड...
बारा फळांचा एक संच, असे ऐंशी संच.
बाबल्या चिताऱ्याचं बिल एका ओळीचं,
खाली सही, सहीवर लाखेचा लाल डाग.

तेवढीच किंमत, असं मला वाटायचं पूर्वी.

फेलिक्सस्टोची माझी एजंट, मॉरीन कॅचपोल,
फोनवर सांगत गेली, लहान मुलाला घड्याळ शिकवावं तसं:
आधी मालाची किंमत. त्यात बोटीचं भाडं मिळव.
विमा मिळव. रुपयांचे पौंड कर,
पण आजच्या भावाने नाही,
सरकारने या महिन्यापुरता ठरवलाय त्या भावाने.
आता या सगळ्यावर जकात.
आणि जकात धरून जे होईल, त्यावर व्हॅट.
"म्हणजे करावरही कर?"
"हो, लव्ह," ती म्हणाली,
आणि चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

जकात ठरते नावावरून. दहा आकडी नाव.
फळ खेळणं असेल तर एक आकडा,
शोभेची वस्तू असेल तर दुसरा.
"मुलं खेळतात का त्यांच्याशी?"
मी आठवून पाहिलं. आमच्याकडे ती काचेच्या कपाटात असत,
कपाटाला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला.
पाहुणे गेले की मी काचेला नाक लावून
त्या केळ्याशी खेळत असे, हात न लावता.
याला कोणता आकडा?
मॉरीनने लिहिलं: शोभेची वस्तू.

पेटी बंदरावर सहा दिवस पडून राहिली, त्याचं भाडं.
तपासणीचं शुल्क.
एका सीताफळाला भोक पाडून पाहिलं, आत काय दडवलंय;
आत लाकूडच होतं.
वाऱ्यामुळे ऑरवेलचा पूल बंद,
ट्रक गावातून फिरून आला, त्याचे वरचे पंचावन्न पौंड.
मी एकं, दहं, शतं करत उतरत गेले,
हातचा एक, हातचे दोन.
आठ हात लाकूड, नऊ हात ढलपी.
भागिले ऐंशी. भागिले बारा.
वाडीत दीड पौंडाचा असलेला आंबा
माझ्या दारात सव्वातीन पौंडांचा झाला होता
आणि त्यात मी माझ्या रात्री धरल्याच नव्हत्या.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं.
बंदरावर पेटी उघडली तेव्हा यादीबाहेरचं एक फळ निघालं:
मुठीएवढा फणस,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
कागदावर खडूने माझं माहेरचं नाव.
"शून्य लिहू का?" मी विचारलं.
"शून्य चालत नाही," मॉरीन म्हणाली.
"फुकट दिलेल्यालाही किंमत लागते. कस्टम्सपुरती."

वाडीला फोन लावला. इथे सकाळ, तिथे दुपार,
मागे पटाशीचे ठोके.
"बाबल्या, फणसाची किंमत किती लावू?"
ठोके थांबले.
"अगो, तो विकूचो न्हय."
"ठाऊक आहे रे. पण विकायचा असता तर?"
"विकूचो असतो तर एवढे काटे कोण काढता?"

मग मीच लिहिले पाच पौंड.
पाचच का, सांगता येणार नाही.
त्यावर पेन्यांत जकात, त्यावर व्हॅट, साधारण एक पौंड.
मॉरीनने ते वेगळ्या ओळीत टाकलं.

आज बेरीज एकाने चुकते आहे.
वरून खाली केली, खालून वर केली.
एक हातचा कुठे मिळवायचा राहिलाय, सापडत नाही.

खिडकीच्या फटीतून वारा येतो, कागद उडू पाहतात.
मी त्यांच्यावर फणस ठेवते,
काटे बोटांना लागतात, रंग अजून थोडा चिकट.
बाबल्याच्या हातचा.