चोवीस व्होल्ट

जानेवारी. नारायण पेठेतल्या होनपांच्या प्रेसमध्ये
कागद एकमेकांना सोडत नाहीत,
सोडवायला गेलं की बोटाला चटका देतात.
पत्रिकेवरच्या गणपतीला
निळ्या शाईत आणखी एक सोंड फुटलीय.
भिंतीवरचा काटा अठ्ठावीसवर.
"पंचावन्न लागते आर्द्रता," होनप म्हणतात,
"आणि तुमच्या वाफेच्या यंत्राने परवापासून मौन धरलंय."

तुमच्या, म्हणजे माझ्या.
चालू असतं तेव्हा ते त्यांचं असतं.

मी पॅनेलचं दार उघडते.
लांबून शेवयांचं ताट,
जवळून प्रत्येक शेवईच्या गळ्यात नंबर.
दाराच्या आतल्या अंगाला दस्तगीर मास्तरांची पेन्सिल,
रेघा, चौकोन, बाण,
आणि खाली, वळणदार अक्षरात:
लाल-निळी, २४ व्होल्ट. घाबरू नये.
काळ्या जाड तिघी, ४१५. घाबरावे.

मी घाबरते. मेन पाडते,
तिघींचे फ्यूज काढून ॲप्रनच्या खिशात टाकते,
मगच बारक्या वायरींना वीज देते.

बाइंडिंगमधली निशिगंधा टॉर्च धरून उभी.
"एवढ्या कशाला लागतात?"
अगं, एकच वाट आहे, तिच्यावर तीन जण बसलेत.
पहिला हवा चाटून सांगतो, कोरडी आहे, चालू करा.
दुसरा बघतो, अति तर नाही ना झालं.
तिसरा विचारतो, पंख्याचा वारा येतोय का.
तिघांनी हो म्हटलं तरच वर कॉन्टॅक्टर उचलतो.
"आमच्या सोसायटीच्या लिफ्टसारखं," ती म्हणते,
"एका आजोबांची सही राहिलीय."

मीटरची एक तार कॉमनवर,
दुसरी टोचत पुढे.
तीनवर चोवीस.
पाचवर चोवीस.
सातवर चोवीस.
आठवर

काही नाही.

"मग सात-आठ जोडून टाका की," होनप,
"दोन इंच वायर. सोमवारी मुहूर्त आहे मुलीकडच्यांचा."
दोन इंच वायर माझ्या खिशात आहेच,
दोन्ही टोकं सोललेली.
कुणाच्या खिशात नसते?

पण आकृतीत सात आणि आठच्या मध्ये
मास्तरांनी पेन्सिल दाबून गोल केलाय:
इथे जम्पर मारू नये. मी मारला होता.

एवढंच.
निशिगंधा होनपांकडे बघते.
होनप छताकडे, डक्टच्या जुन्या डागाकडे.
"वडील होते तेव्हा," ते म्हणतात.
"पंखा बंद, वाफ चालू. रात्रभर.
सकाळी चार हजार पंचांगं
पोळ्यांसारखी फुगलेली."

शिडी.
डक्टची जाळी काढली तर
कागदाच्या धुळीची अख्खी गोधडी निघाली,
राखाडी, मऊ, मधे मधे गुलाबी,
वर्षभराच्या सगळ्या आमंत्रणांची.
पंखा फिरत होता, पण श्वास नव्हता त्याला.
आणि आतला तो पातळ पत्रा,
वाऱ्याने हलायचं एवढंच ज्याचं काम,
तो परवापासून खरं तेच सांगत होता.
आम्ही त्याला बिघाड म्हणत होतो.

जाळी धुतली. हलवून, निथळवून बसवली.
पत्रा तिरका झाला.
आठवर चोवीस.

फ्यूज परत जागेवर. दार बंद. मेन.

खट्.

आता काळ्या तिघी टाकीत उतरतात.
आत हीटर नाही, पाणीच तार होतं,
पाण्यातूनच जातं सगळं, आणि पाणी
आधी कुरकुरतं, मग गुरगुरतं.
एकोणतीस. तासाने एक्केचाळीस.

"वायर किती लागली?" होनप बिलबुक उघडतात.
शून्य.
"मग पैसे कसले?"
वायर न लावल्याचे.
त्यांनी लिहिलं: जाळी धुणे, रु. सहाशे.
घासाघीस करून आठशे झाले.

निघताना निशिगंधाने पेन्सिल मागितली,
दाराआड काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

अलका चौकात सिग्नलला थांबले तेव्हा
खिशातलं काहीतरी मांडीला टोचलं.
टाकून द्यावी, असं मी दरवेळी ठरवते.