हिरवी लाइन

न्यूकॅसलचा विमानतळ हे मेट्रोचं शेवटचं स्टेशन,
म्हणजे चुकायचं म्हटलं तरी दिशा एकच.
शर्वरीला मीच म्हटलं होतं, घ्यायला येऊ नकोस.
म्हणताना आवाज बरा लागला होता.

मशीन नोट घेईना.
दोनदा जीभ काढावी तशी परत केली.
मागची बाई म्हणाली,
उलटी करून घाल, पेट.

पेट?
गप बस, बाजूला हो, हे पुष्कळांनी सांगितलं.
पेट असं त्रेपन्न वर्षांत कुणी नाही.
(इकडे ते लाडानं म्हणतात, हे मागाहून कळलं.)

कॅलर्टनपाशी पिवळंजर्द शेत,
मोहरीच असावी.
बॅग गुडघ्यांत दाबून मी स्टेशनं मोजत राहिले:
बँक फूट, किंग्स्टन पार्क, फॉडन,
मग एक हुकलं, पुन्हा पाटीवरून जुळवलं.
तिकीट मुठीत घामानं मऊ.
आजवर ते यांच्या वरच्या खिशात असायचं
आणि मी यांच्या पाठीकडे बघत चालायची.

वेस्ट जेस्मंड.
ना फाटक, ना तपासनीस.
गाडी गेली तरी जराशी थांबले,
कुणी मागेल म्हणून.

मग ठेवलं.
जाऊबाईंच्या या कोटालाही
वरचा खिसा आहे.