घरचं नाव

भांडेकर वकीलबाईनं आधी
कागद मांगतला नाही.
इचारलं, पोराले घरी काय मनता?
खोकन, मी मनलं.
पोलिसाच्या कागदावर होता निरंजन मंडल,
बांगलादेशी, पत्ता नाही.

पत्ता मूलचेऱ्याचा. बोरिंगच्या बाजूले.
सासऱ्याची छावणीतली चिठ्ठी
मुरमुऱ्याच्या डब्यात,
अर्धी उधईनं खाल्लेली.
उरलेली अर्धी बाईनं
चष्मा काढून वाचली.
दोनदा.

साडेतीन हजार घेतले.
मंग दोनशे वापस देल्ले,
"यष्टीले ठेवा. तारखा लय लागतीन."

चामोर्शीच्या कोर्टात पुकारा झाला,
निरंजन मंडल!
हा खालीच पाहे.
पुन्हा पुकारा.
बाई मांगं वळली, हळूच मनली,
खोकन.

तवा उठला.