पाचशे कण

सूर नावाच्या या गावात
आमचा सूर कधी जुळला नाही.
साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद,
तेवढ्यात पंपघराच्या सावलीला
आमची संसद भरते.

अशफाक परकार म्हणतो, तीन खासदार!
पाचशेच्या वर माणसांत तीन, निशाणी कासव,
आणि सरकार म्हणे त्यांच्या तालावर नाचतं.
"नाचत नाही रे, अडखळतं,"
तांडेलमामा डबा पुसत बोलतात,
"हवामानाच्या मसुद्यातलं
'शक्य असल्यास' त्यांनीच गाळलं."
"आणि पुढच्या पानावर 'यथावकाश' आलं,
त्याच तिघांच्या सहीनं!"

मी गप्प. माझं काम
पाण्याची चव आकड्यांत वाचणं.
दहा लाखांत पाचशे कण मिठाचे
तर पाणी गोड,
हजार झाले की गाव बोंब मारतं.
थोडक्याला हसू नका,
असं म्हणणार होतो,
पण काढलेलं मीठ कुठं जातं
तेही मलाच ठाऊक.
जाड नळीतून परत
त्याच समुद्रात, जवळपास दुप्पट खारट.

भोंगा झाला.
परकार तापल्या बुटात पाय घालत विचारतो,
"तू असतास तर कासवावर बोट ठेवलं असतंस?"

गुहागरच्या यादीत अजून नाव आहे माझं,
वडिलांच्या नावाखाली, एक काना चुकलेलं.
मतदानाच्या दिवशी मी इथंच होतो,
वहीत लिहिलं होतं: चारशे ऐंशी.
बाहेर एकोणपन्नास अंश.
त्यासाठी वहीत रकाना नाही.