चंद्रभागा जौजे दौलत

मौजा वडधरी, खसरा एकशे अठ्ठावीस.
पाचव्यांदा आलोय झाडं मोजायला.
पहिल्या खेपेला संत्र्याची एकशे बारा होती,
मग ब्याण्णव, मग एकसष्ट, मग चोपन्न.
यंदा सत्तेचाळीस,
तीही कोळशीने काळवंडलेली.
लिंब चार. बिबा एक.
बिब्याचा दर तक्त्यात नाही,
मी दरवेळी ‘इतर’ लिहितो.

रस्ता दोन्हीकडून येऊन थांबलाय.
हिंगण्याकडचं डांबर तुरीच्या तासापर्यंत,
पलीकडचं नाल्याच्या मोरीपर्यंत.
मधले एकशे ऐंशी मीटर
कुणाकडून घ्यायचे, हेच ठरत नाही.
ट्रक गावातून वळसा घालतात,
आणि त्या वळणावरची इस्तारी कोहळेची चहाटपरी
आता दुमजली आहे.
तो माझ्याकडून पैसे घेत नाही.
म्हणतो, साहेब, घाई नोका करू.

कागद तसा साधा.
एकसष्ट साली, सीलिंगच्या धाकाने,
दौलत लांजेवाराने होतं त्यातलं सहा एकर
बायकोच्या नावे केलं.
फेरफारात ओळ आली : चंद्रभागा जौजे दौलत.
त्याच उन्हाळ्यात चंद्रभागा बाळंतपणात गेली.
पोर वाचलं.
दिवाळीआधी दौलतने दुसरी आणली, उमरेडकडची,
आणि तांदळाच्या ताटात अंगठीने
तिचं नवं नाव लिहिलं :
चंद्रभागा.
जिभेला सवय होती, म्हणे.

फेरफाराचं पान वाळवीने चाखलंय.
साल शिल्लक आहे, महिना नाही.

त्या गेलेल्या महिन्यावर
दिवाणी न्यायालयात सतरा वर्षं झाली.
गुणवंता, ते वाचलेलं पोर, आता त्रेसष्टचा,
म्हणतो, माह्या मायचं वावर.
दुसरीच्या दोघी मुली म्हणतात, आमच्या मायचं,
थे पाहा बसली बाजीवर, जिवंत आहे, इचारा.
थेट खरेदी अडली. निवाडा अडला. वर स्थगिती.
सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कपाटात
या खसऱ्याच्या फायलीला तिसरी दोरी लागली,
आणि पहिल्या मोजणीचे साहेब
नातवाच्या बारशाचं बोलावणं देऊन गेले.

म्हातारी प्रत्येक खेपेला माझ्यासोबत फिरते.
मी उभी झाडं मोजतो,
ती नसलेली.
‘हे नंदाच्या वक्ताचं.
हे मी लावलं, मिरगाच्या आधी, लोकं हासले होते.
हे त्याच्या पयल्या बायकोचं,
याले मी दोन घागरी जास्त टाको.’
काहून, मी विचारलं.
‘तिचं नाव वापरत होती न बापा.’

मे महिना, दुपारचे बारा,
टेप हातात धरवत नव्हता इतका तापलेला.
लिंबाखाली बसून पंचनाम्यावर अंगठा घ्यायचा होता.
शाईचा डबा उघडला तर तिने हात मागे घेतला.
‘कोणत्या चंद्रभागेचा लावू?’

मला उत्तर देता येईना.
म्हणून उगाच विचारलं,
आजी, माहेरचं नाव काय होतं तुमचं?

ती नाल्याकडे पाहत राहिली.
एक ट्रक वळणावर गिअर बदलत गेला,
दुसरा गेला.
मग एखादी हरवलेली चावी
लुगड्याच्या गाठीतच सापडावी तशी म्हणाली,
‘झिबली.’
आणि हसली, दात नसलेलं.
‘झिबलीच्या नावानं कुठी काही नाही न साहेब?’

नाही.
सात-बारा पाहिला, जुने पेरेपत्रक पाहिले,
दावा पाहिला, वारसांची यादी पाहिली.
झिबलीचं कुणावर काही निघत नाही,
तिच्यावरही कुणाचं.

अंगठा तिने लावला, मला त्रास नको म्हणून.
मी खाली लिहिलं, चंद्रभागा जौजे दौलत,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, शिसपेन्सिलने, बारीक :
झिबली.
साहेब खोडतील. खोडता यावं अशीच पेन्सिल वापरलीय.

निघताना तिने बिब्याकडे बोट दाखवलं.
मोजला ना?
मोजला, म्हटलं.
पुढच्या खेपेपर्यंत दर यायला हवा.