एकोणतीस मैल

आमच्या वाट्याला ॲरिझोना आलाय तो एवढाच,
पानाचा कोपरा दुमडावा तसा:
एकोणतीस मैल हायवे,
अलीकडे नेवाडा, पलीकडे युटा,
मध्ये माझा पेट्रोलपंप.

लोक थांबतात ते पेट्रोलसाठी नाही.
टाकी भरलेलीच असते.
दार उघडतात, एक पाय खाली ठेवतात,
"झालं?" म्हणून गाडीत कुणाला तरी विचारतात,
दार लागतं.
जुलैत एक बाई चपला काढून उतरली,
म्हणे, तळवा टेकल्याशिवाय आम्ही धरत नाही.
डांबरानं तिला पक्कं धरलं.
मी बर्फाची पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत.

ज्याचा त्याचा कायदा निराळा.
विमानतळ धरायचा नाही, यावर बहुतेकांचं एकमत.
कुणाचं म्हणणं, तिथलं काहीतरी पोटात जायला हवं.
माझ्याकडचे शेंगदाणे टेक्सासचे, मी बोलत नाही.
कुणी म्हणतं, एक रात्र.
मिनेसोटाचे एक निवृत्त न्यायाधीश
झोपेत ओलांडलेलं राज्य बायकोला देत नव्हते;
ती मागच्या सीटवरून, उशीतून तोंड न काढता म्हणाली,
"मग लग्नाचीही बरीच वर्षं वजा करा."

काल आला तो एमेट फर्टाडो, वय वर्षं दहा,
मुक्काम पोस्ट ऱ्होड आयलंड,
हातात वही, चेहरा पांढराफटक.
घाटातल्या वळणांनी पोटातलं सगळं बाहेर काढलं होतं,
मैल अठरा की एकोणीस,
यावर बापलेकांचा अजून वाद.
बाप म्हणाला, नाइलाजानं थांबलो, ते धरायचं नाही.
मुलगा म्हणाला, आपलं काही तिथं राहिलं
तर धरायचंच.
मी पाण्याची बाटली पुढे केली
आणि मत मुलाला दिलं.

मग त्यानं विचारलं, तुमची किती?
मी बोटं उघडली. तीन. हे धरून.
"आणि ॲरिझोनात काय काय बघितलंत?"

काय सांगणार.
ती जगप्रसिद्ध दरी आमचीच,
आणि तीच आम्हाला आमच्या राज्यापासून तोडते.
कोर्टाचं काम निघालं तर किंगमनला जायला
आधी नेवाडात शिरायचं,
आपल्याच घरात शेजाऱ्याच्या परसातून यावं तसं.
राजधानी पाहिली ती पोस्टकार्डावर.
इथं इस्पितळ नाही, म्हणून आम्ही सगळे जन्मलो
सेंट जॉर्जला, दाखल्यावर युटा.
घड्याळसुद्धा उन्हाळ्यात नेवाडाच्या बाजूनं,
हिवाळ्यात युटाच्या.
खरं तर आमचं हलतच नाही,
सरकतात ते.

लायमननं मात्र
हा रस्ता घाटात कोरला जात होता तेव्हा
डाव्या हाताची दोन बोटं ठेवली,
बाहत्तर साली, नदीवरच्या पुलापाशी.
नदीनं पुढे नेली असतील
तर नेवाडातही जमा.
मुलाच्या हिशेबानं नवरा पक्का.
माझं काय राहिलंय इथं
ते काही मला आठवेना.
चाळीस वर्षं काउंटरमागे उभी आहे
आणि एवढंसुद्धा

मुलानं वही पुढे केली. साक्षीदार म्हणून सही.
मी लिहिलं, नेड्रा हेकॉक.
पुढचा रकाना होता: राहणार.
पेन्सिल जरा वेळ तशीच धरली.
बापानं हॉर्न वाजवला.

रात्री लायमनला सगळं सांगितलं.
तो कॉफी ढवळत होता, तीन बोटांनी.
म्हणाला, रविवारी जाऊ या घाटात,
अठरा की एकोणीस, बघून येऊ
कुणाचं खरं.

मी म्हटलं, पण खाली उतरायचं हं.
नुसतं काचेतून नाही.