पंचमात विजयकर

आधी वाटलं, तानपुऱ्याची पेटी बिघडली.
काळी चार लावून बसले की साडेनवाच्या सुमारास
पंचमाच्या पोटातून एक पुरुष बोलायचा,
नाकातून, तुटक,
रिकाम्या बादलीत तोंड घालून बोलावं तसा:
सीक्यू, सीक्यू, व्हिक्टर युनिफॉर्म टू...
पुढची अक्षरं षड्ज गिळून टाकायचा.

चेंबूरच्या आमच्या इमारतीत तेव्हा
गालांचा रिमोटचा पंखा आपोआप पाचवर जायचा,
कुट्टींची इंडक्शन शेगडी
सांबार अर्ध्यावर टाकून झोपी जायची,
आमची बेल दारात कोणी नसताना वाजायची.
मीटिंगमध्ये ठराव आला: गच्चीवरची तार उतरवा.
विजयकरांनी लॅमिनेट केलेला परवाना
वेफर्सच्या बशीशेजारी ठेवला,
बोलले काहीच नाहीत.
तीस वर्षं जहाजांच्या बिनतारी खोलीत काढलेला माणूस,
समोरासमोर बोलायची सवय मोडली असणार.

रविवारी वही घेऊन आले.
आखीव रकाने: तारीख, वेळ, बँड, किती वॅट.
शेवटचा कोरा.
"इथे तुमचं लिहा. काय वाजलं, किती वाजता."
दोन आठवडे वर ते बोलायचे,
खाली मी घड्याळ बघून लिहायची:
९.४०, तानपुरा, शब्द कळतात.
९.५५, काही नाही.
४.१०, बेल.

मग लॅमिंग्टन रोडवरून पिशवीभर काळ्या कड्या आणल्या,
फेराइटच्या, चकलीएवढ्या, हातात घेतल्या की गार.
ॲडॉप्टरची वायर कडीतून घालून काढायची, घालून काढायची.
"वडाला सात," मी म्हटलं.
"हिला नऊ लागतील," ते म्हणाले, हसले नाहीत.
तानपुरा निवळला.
प सा सा सा, मध्ये कोणी नाही.

उगाच तुम्हाला त्रास, मी म्हटलं.
पक्कड खिशात घालता घालता म्हणाले,
"तुमचाही येतो ना वर."
माझा?
"आतल्या खोलीतली ट्यूब. स्वस्तातला ड्रायव्हर आहे.
पहाटे साडेतीनला लागते,
चाळीस मीटरवर पिठाची गिरणी सुरू.
वीस मिनिटं सगळं जग बंद."

साडेतीनला मी बाबांची कूस बदलते.
पाठीला पावडर लावते,
चादरीची सुरकुती ओढून काढते.
चार वर्षं.
मला वाटायचं, त्या वेळी मी एकटीच.

सांगायचंत की.
"काय सांगणार, दिवा लावू नका?
हेडफोन काढतो, चहा टाकतो.
चहा होईतो तुमचं आटपतं.
एकदा तासभर चालू राहिली, तेव्हा जिन्यापर्यंत आलो होतो.
मग बंद झाली."

ट्यूब त्यांनीच बदलली,
दोनशे दहा रुपये घेतले, पावती दिली.
आता वर गिरणी नाही.
मला उशीर झाला, लवकर आटपलं,
ते कळायला त्यांना काही मार्ग नाही.
चहाचं काय केलं, विचारायचं राहून गेलंय.

बेल मात्र ऐकेना.
तीन कड्या घातल्या, वायर बदलली,
तरी पंधरा मीटरचा बँड उघडला की
भर दुपारी वाजतेच.
काल वाजली.
आतून बाबा, कित्येक दिवसांनी धडधाकट आवाजात:
"कोण आलंय गं?"
मी दार उघडलं, रिकामा जिना पाहिला.
"मॉरिशस," म्हटलं.
"मग उभं काय ठेवलंयस," म्हणाले,
"बसव."